एक नळी, एक गोळी

आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या फळीवर म्हशीच्या शिंगाची एक बारूददाणी आहे. वीतभर लांब, टोकाला पितळी टोपण आणि पट्टा ओवण्यासाठी दोन कड्या. आमच्या दादींनी तिच्यात कलौंजी भरून ठेवायला सुरुवात केली आणि आजही तिच्यात कलौंजीच असते. जिच्यासाठी ती होती ती बंदूक मात्र घरात नाही. ती 1948 साली गेली. तिच्या बदल्यात मिळालेला कागद अब्बांच्या पेटीत होता. अब्बा मराठी शाळेत शिकले. त्यामुळे तो कागद त्यांनी जन्मभर जपला, पण कधी वाचला नव्हता. आम्ही बी.एड. करून उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक झालो तेव्हा एके दिवशी त्यांनी तो आमच्यापुढे ठेवला. "पढ के बता, क्या लिखे इसमें." आम्ही वाचले. "बंदूक एक नाली, एक अदद, जमा." खाली सही आणि तारीख. अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बस, इत्ताच?"

कागदावर तेवढेच होते. परंतु एका नळीच्या आणि एका गोळीच्या बंदुकीची गोष्ट तेवढीच नाही. ती आपल्या मराठवाड्याची गोष्ट आहे, आपल्या समाजाची आहे, आणि राज्यकर्ते प्रजेवर किती विश्वास टाकतात याचीही आहे.

सुरुवात शब्दापासूनच करू. 'बंदूक' हा शब्द आपण मराठीत, उर्दूत, हिंदीत सर्रास वापरतो. अरबीत 'बुंदुक' म्हणजे एक कवचाचे फळ, हेझलनट. त्या फळाएवढ्या मातीच्या भाजलेल्या गोळीलाही तेच नाव पडले. ही गोळी विशिष्ट धनुष्यातून मारून पाखरे टिपत. पुढे दारूने गोळी फेकणारे हत्यार आले आणि गोळीचे नाव नळीला चिकटले. म्हणजे भाषेच्या हिशोबाने बंदूक ही मुळात एक गोळीच आहे.

आमच्या पणजोबांची बंदूक ठासणीची होती. कळमनुरी तालुक्यातले गाव, पलीकडे पैनगंगा आणि तिच्या पल्याड वऱ्हाड. ठासणीची बंदूक भरणे म्हणजे एक विधीच असे. नळीच्या तोंडातून मोजून दारू घालायची, वर चिंधीचा बोळा घालायचा, गजाने ठासायचे. मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी मागच्या बाजूला तांब्याची छोटी टोपी बसवायची आणि घोडा चढवायचा. एवढे करून मिळणार एकच बार. तो चुकला की हरीण दुसऱ्या शिवारात गेलेले असे. दादा सांगत, "गोली एकीच रहती थी बेटा, इस वास्ते नजदीक जाना पडता था." या एका वाक्यात त्या हत्याराचे सारे आकर्षण आले आहे असे आम्हाला वाटते. दूरवरून मारणाऱ्याला नेम लागतो. जवळ जाणाऱ्याला वारा, पावलांचा आवाज, उन्हाची दिशा आणि जनावराचा स्वभाव शिकावा लागतो.

या एका बाराच्या हत्याराने बादशहांनाही वेड लावले होते. तोड्याच्या, म्हणजे जळत्या दोरीने बार उडणाऱ्या, बंदुकांचा अकबराला फार शौक. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फझलने बंदुकांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. अकबराच्या आवडत्या बंदुकीचे नाव 'संग्राम'. तिने किती जनावरे पडली याची दफ्तरी नोंद ठेवली जाई आणि तो आकडा 1019 असा दिला आहे. जहांगीर तर मोजदादीत बापाच्याही पुढे गेला. बाराव्या वर्षापासून पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत त्याच्यासमोर 28,532 जनावरे मारली गेली आणि त्यांपैकी 17,167 त्याने स्वतः मारली, असे त्याच्या आत्मचरित्रात आहे. 1617 मध्ये नूरजहाँने हत्तीवरच्या अंबारीतून सहा बारांत चार वाघ पाडल्याचे त्याने कौतुकाने नोंदवले आहे. पण याच जहांगीरने पुढे लाडका नातू शुजा आजारी पडला तेव्हा आपल्या हाताने कोणत्याही जिवाला इजा करणार नाही अशी मन्नत केली. शिकारीचे आकडे पाठ करणाऱ्यांनी ही मन्नतही पाठ करावी.

आता बादशहाकडून शिपायाकडे येऊ, कारण आमच्या जिल्ह्याचा बंदुकीशी संबंध शिपायामार्फत आला. हिंगोली ही हैदराबाद कॉन्टिन्जंटची मोठी छावणी होती. या फौजेचा खर्च निजामाच्या माथी आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. त्या खर्चापोटीच 1853 मध्ये वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1903 मध्ये छावणी मोडली, पण तिने शहराला वळण लावले. आपल्या भागातल्या कित्येक मुस्लिम घराण्यांत 'हमारे बडे फौज में थे' असे आजही सांगतात, त्याचा धागा अशा छावण्यांपर्यंत जातो.

1857 चा उठाव काडतुसावरून पेटला हे आपण पाचवीपासून शिकवतो. एनफिल्ड रायफलीचे कागदी काडतूस दाताने फोडावे लागे आणि त्याला गाईची व डुकराची चरबी लावल्याचे बोलले गेले. त्यामुळे हिंदू आणि मुसलमान शिपाई एकाच वेळी दुखावले. पण उठाव मोडल्यानंतर काय झाले ते क्रमिक पुस्तकात सहसा येत नाही. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. उठावानंतर हिंदी शिपायांसाठी ज्या बंदुका बनवल्या त्यांत या खाचा घासून नळी गुळगुळीत केलेली होती. म्हणजे दिसायला रायफल, पण नेम कच्चा. पुढे प्रत्येक वेळी तोच क्रम राहिला. गोऱ्या सैनिकाला मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी शिपायाला जुनी स्नायडर मिळाली. गोऱ्याला आठ-दहा गोळ्यांची ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा हिंदी शिपायाच्या हाती त्याने टाकलेली मार्टिनी आली. स्नायडर आणि मार्टिनी या दोन्ही एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या. पहिल्या महायुद्धानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात तर दहा गोळ्यांच्या एनफिल्ड रायफली घेऊन त्यांची नळी गुळगुळीत केली, गोळ्यांच्या कप्प्यात लाकडाचा ठोकळा ठोकून बसवला आणि त्या पोलिसांना व पहारेकऱ्यांना दिल्या. हीच ती 410 मस्केट.

हा लाकडाचा ठोकळा आम्हाला फार बोलका वाटतो. शिकारी आपल्या मर्जीने एकच गोळी घेऊन निघतो, तेव्हा तो संयम असतो. राज्यकर्ता ठोकळा ठोकून एकच गोळी देतो, तेव्हा तो अविश्वास असतो. हत्यार दोघांच्या हाती तेच. 1878 च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली, त्यामागेही हाच ठोकळा होता.

शिपायाची एक गोळी अशी लादलेली होती. साहेब लोकांच्या शिकारीत मात्र त्याच काळात एका गोळीचा डौल वाढत होता. पॅरिसचा बंदूक कारागीर लफोशो याने 1830 च्या दशकात नळी बिजागरीवर खाली झुकवून मागून काडतूस घालण्याची युक्ती काढली. 1851 च्या लंडन प्रदर्शनात ती इंग्रज कारागिरांनी पाहिली आणि उचलली. कुलपाची कळ दाबावी, बंदूक मधून मोडावी, काडतूस सरकवावे, पुन्हा मिटवावी. ना गज, ना चिंधी. आज आपल्या परवान्यावर 'एस.बी.बी.एल.' अशी अक्षरे दिसतात ती एकनळी, मागून भरायच्या बंदुकीची. ती बहुधा हीच मधून मोडणारी असते. याच सुमारास स्कॉटलंडच्या फार्कर्सनने 1872 मध्ये वेगळी रायफल काढली. तिच्यात खालची दांडी ओढली की पोलादी ठोकळा खाली सरके आणि नळीचे मागचे तोंड उघडे. अमेरिकेत जॉन ब्राउनिंगने 1879 मध्ये तशाच रचनेचे पेटंट घेतले. त्यातून विंचेस्टर कारखान्याची 1885 ची प्रसिद्ध एकबारी रायफल निघाली.

पुढे अनेक गोळ्यांच्या रायफली स्वस्त झाल्या, तरी ही जात संपली नाही. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या डोंगरात हरणामागे चढणारे शिकारी आजही मधून मोडणारी हलकी रायफल पसंत करतात. अमेरिकेत रुगर कारखान्याने 1960 च्या दशकात जुन्या फार्कर्सनच्या धर्तीवर नवी एकबारी रायफल काढली, तेव्हा जाणकारांनी तिला डोक्यावर घेतले. कारणे साधी आहेत. मागे-पुढे सरकणारा लांब खटका नसल्याने नळी तेवढीच ठेवूनही बंदूक तीन-चार इंचांनी आखूड होते. भाग कमी, म्हणून बिघाड कमी. नळी उघडून खांद्यावर टाकली की ती रिकामी आहे हे समोरच्याला लांबूनही दिसते. आणि सर्वांत मोठे कारण मनाचे आहे. दुसरी गोळी नाही हे माहीत असले की माणूस पहिली गोळी विचारपूर्वक सोडतो.

इथे वाचकांनी आम्हाला अडवावे. एका गोळीने माणूस खरेच संयमी होतो काय? इतिहास तसे सांगत नाही. अमेरिकेच्या गवताळ मैदानात तीन ते सहा कोटी रानम्हशी होत्या असा अंदाज आहे. त्या संपवणाऱ्या व्यापारी शिकाऱ्यांच्या हातात मुख्यतः शार्प्स नावाची एकबारी रायफल होती. माणूस एका जागी बसे, एक गोळी भरे, एक म्हैस पाडे, पुन्हा भरे. कातडी सोलून घेत आणि मांस सडू देत. 1889 च्या गणतीत हजारभर जनावरे उरली होती. आपल्याकडेही राजा दीनदयाळ यांनी टिपलेली शिकारीची छायाचित्रे पाहा. 1902 मध्ये लॉर्ड कर्झन पत्नीसह निजामाच्या मुलखात वाघाच्या शिकारीला आले होते. मेलेल्या वाघामागे साहेब उभे आहेत. रान उठवणारे शेकडो हाकारे त्या चित्रात नाहीत. तेव्हा संयम नळीत नसतो. तो असला तर माणसात असतो, आणि नळी फार तर त्याची आठवण करून देते.

आपल्या घरांत ही आठवण करून देणारी आणखी एक गोष्ट होती. सूरह माइदात शिकारीला परवानगी आहे आणि अल्लाहचे नाव घेण्याची अटही आहे. त्याच सूरहमध्ये घाव बसून, ठेचून मेलेले जनावर हराम ठरवले आहे. मातीच्या 'बुंदुक'ने मेलेले पाखरू या दुसऱ्या प्रकारात मोडते असे जुन्या फकीहांनी म्हटले होते. दारूची बंदूक आली तेव्हा वाद उभा राहिला. गोळी धारेने कापते की धक्क्याने मारते? यमनचे इमाम शौकानी म्हणाले, गोळी शरीर भेदून जाते, म्हणून शिकार हलाल. हिंदुस्थानातल्या बहुतेक हनफी उलमांनी मात्र ठरवले की गोळी लागलेले जनावर जिवंत हाती लागून जिबह झाले तरच खावे. म्हणून आपल्या भागात बंदूकवाल्याबरोबर सुरीवाला असेच. आमच्या घरात हे काम दादांकडे, तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे. बार उडाला की धूर निवायच्या आत जिवाच्या आकांताने पळायचे. पोहोचेपर्यंत जनावर गेले तर ते घरी आणायचे नाही. दादा सांगत की अशा वेळी पणजोबा त्या दिवशी पुन्हा बंदूक भरत नसत. "हराम कर दिया मैंने," एवढेच म्हणत आणि मुकाट्याने घराकडे वळत. जनावर वाया घालवणे हा त्यांच्या लेखी आपला गुन्हा होता, नशिबाचा नव्हे.

त्या बंदुकीचे मुख्य काम मात्र हरीण मारणे नव्हतेच. मुख्य काम होते जागल. ज्वारी निसवली की रानडुकरांचे कळप पैनगंगेच्या काठावरून वर येत. गावातले शेतकरी पणजोबांना बोलावून नेत आणि ते माळ्यावर रात्र काढत. डुक्कर पडले तर त्याला आमच्या घरचे कुणी हात लावत नसे. ज्यांना चालत असे ते घेऊन जात. पण सुगीत खळ्यावरून आमच्या घरी ज्वारीचा वाटा न चुकता येई. डुक्कर खाण्याबद्दल मतभेद होते, ज्वारी राखण्याबद्दल नव्हते.

मग 1948 उजाडले. रझाकारांच्या हातात बंदुका आल्या होत्या आणि त्यांचे जुलूम आपल्याच गावोगावच्या लोकांनी सोसले. हे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्टमध्ये हैदराबादच्या रस्त्यावर ठार करण्यात आले, ते मुसलमानच होते. 13 सप्टेंबरला भारतीय फौज संस्थानात शिरली, 17 तारखेला निजामाने हत्यार खाली ठेवल्याचे जाहीर केले आणि मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतरच्या दिवसांत मात्र ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा असंख्य मुसलमान घरांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षअखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. 27 ते 40 हजार माणसे मारली गेली असा तिचा अंदाज होता, आणि सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत आमच्या शेजारच्या नांदेडचे नाव होते. शेजाऱ्यांसाठी जीव धोक्यात घालणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्यात आहे. तो अहवाल 2013 मध्ये अभ्यासकांना खुला झाला.

त्या दिवसांत एका रात्री गावचे पाटील आमच्या घरी आले. दादांना त्यांचे शब्द तोंडपाठ होते. "मियाँसाहेब, बंदूक घरात असंल तर मला तुमच्यासाठी बोलता येणार न्हाई. नसंल तर वाड्याचं दार उघडं हाय." पणजोबांनी रात्रभर विचार केला. एका गोळीने हरीण पडते, डुक्कर पडते. जमाव पडत नाही. उलट तीच एक गोळी घराला रझाकार ठरवायला पुरेशी होती. सकाळी त्यांनी बंदूक साफ केली, नळीत तेलाचा बोळा फिरवला, गज जागेवर बसवला आणि पाटलांना सोबत घेऊन ती ठाण्यात जमा केली. बारूददाणी द्यायची राहिली. ती कुणी मागितली नाही. पुढचे तीन आठवडे आमचे घर पाटलांच्या वाड्यात राहिले. ज्यांची ज्वारी त्या बंदुकीने राखली होती, त्यांनीच बंदूक गेल्यावर घर राखले.

बंदूक परत मिळावी म्हणून पणजोबांनी अर्ज केला नाही. दादांनीही केला नाही. का, असे आम्ही लहानपणी विचारले होते. दादा म्हणाले, "मांगने गए तो पूछेंगे, किस वास्ते होना?" आपल्याच शिवारात जागल करण्यासाठी आपण कोण आहोत हे सिद्ध करावे लागणे, ही ती बंदूक गमावण्यापेक्षा मोठी हानी होती. ईशापूरच्या कारखान्यातला लाकडाचा ठोकळा असा माणसाच्या मनातही बसतो.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा 1959 चा. त्याचे तेरावे कलम वाचताना आम्ही चमकलो. पीकसंरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती एक बार असावा हे कायद्यालाही मान्य आहे. पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले, आणि ते बरेच झाले. काळवीट आज आमच्या शिवारात दिसते ते त्या कायद्यामुळे. रोही आणि रानडुकरे सोयाबीन आणि हरभऱ्याची नासाडी करतात, तेव्हा शेतकरी वनखात्याच्या दारात अर्ज घेऊन उभा राहतो, रात्री फटाके फोडतो, डबे वाजवतो. ज्यांच्याकडे परवान्याची एकनळी आहे ते निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करतात आणि निकालानंतर घरी आणतात. त्यांच्याही हातात एक कागद येतो. फरक इतकाच की त्या कागदावर बंदूक परत मिळते.

आम्हाला बंदूक नको आहे. शिकारही नको. परंतु आमच्या वर्गात मुले भरभर उत्तरे ठोकतात, एक चुकले की दुसरे, दुसरे चुकले की तिसरे. तेव्हा आम्ही त्यांना पणजोबांची गोष्ट सांगतो. गोळी एकच आहे असे समजा. जवळ जा, नीट बघा, मग बोला. आणि गोष्टीचा दुसरा भागही सांगतो. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून कुणी तुमच्या वाट्याला एकच गोळी दिली, तर तिला संयम म्हणू नका आणि गप्पही बसू नका. शिका, अर्ज लिहा, प्रश्न विचारा, किस वास्ते होना ते स्पष्ट सांगा. दादांना जे जमले नाही ते तुम्हाला जमले पाहिजे.

अब्बा आता नाहीत. त्यांच्या 'बस, इत्ताच?' या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. ठाण्याचा कागद आम्ही बारूददाणीशेजारी काचेत लावला आहे. त्याखाली मराठी अक्षरांत त्याचा अर्थ लिहिला आहे, म्हणजे पुढच्या पिढीत ज्याला उर्दू येणार नाही त्याला कुणाकडून वाचून घ्यावे लागू नये. पाटलांचे वाक्यही आम्ही त्याच्याच खाली लिहून ठेवले आहे.